भेसळीचा गहू

गव्हाचं बीजोत्पादन घेतलेल्या कुणालाही विचारा, प्लॉटमधलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं? भेसळ काढणं. ओंब्या बाहेर पडल्या की सकाळच्या उन्हात ओळीओळीनं चालायचं. एखादं झाड चार बोटं उंच दिसलं, एखाद्या ओंबीचा रंग वेगळा वाटला, की मुळासकट उपटायचं, पिशवीत घालायचं आणि प्लॉटबाहेर नेऊन टाकायचं. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटमध्ये आपल्याकडे हजार झाडांमागे दोन वेगळी झाडं खपवून घेतात. त्याहून जास्त निघाली की प्लॉट नापास, आणि हंगामभराची मेहनत साध्या गव्हाच्या भावानं बाजारात.

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात, फ्रेसिंगफील्ड गावाजवळ, वेकलिन्स नावाचं साधारण ५५ एकरांचं शेत आहे. तिथला गहू दाखवला तर आपला पाहणी अधिकारी बांधावरूनच मागे फिरेल. एक झाड कमरेपर्यंत, त्याला खेटून दुसरं मांडीपर्यंत. काही ओंब्यांना लांब कुसळं, काही बोडक्या. काही पिकून पिवळ्या, काहींच्या पोटात अजून हिरवेपणा. शेजारची दोन झाडं सारखी सापडली तर तो योगायोग. कुणी हलगर्जीपणा केला म्हणून हे झालेलं नाही. हा गहू असाच असावा म्हणून शास्त्रज्ञांनी हातात चिमटे घेऊन तो मुद्दाम घडवला. त्याचं नाव वायक्यू: वाय म्हणजे यील्ड, क्यू म्हणजे क्वालिटी. उतारा आणि प्रत.

हे प्रकरण त्या गव्हाचं. शाश्वत शेतीवर युरोपातल्या देशांनी मिळून केलेल्या संशोधनाला तोटा नाही, पण त्यातलं बरंचसं एका गुळगुळीत अहवालात जाऊन विसावतं. या कामातून मात्र कायद्यात एक नवी व्याख्या शिरली. आणि मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते हे, की शेतात जे कळायचं ते काही वर्षांत कळलं होतं. बाकीचा काळ गेला तो ‘बियाणं’ कशाला म्हणायचं या एका प्रश्नावर.

भुरीवाला माणूस

गव्हाआधी बार्लीकडे जावं लागतं, आणि बार्लीवरच्या भुरीकडे, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीच्या रोगाकडे. मार्टिन वुल्फ हे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ. केंब्रिजच्या प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते भुरीवर काम करायचे. प्रतिकारक म्हणून आणलेला नवा वाण काही वर्षांत भुरीला बळी पडायचा, मग त्याहून नवा वाण, मग तोही. मैलोन्‌मैल एकच वाण पेरला की बुरशीला एकच कुलूप उघडायचं असतं. ते उघडलं की सगळा मुलूख तिचाच.

वुल्फ यांचा उपाय ऐकायला अगदी साधा होता: वेगवेगळी प्रतिकारशक्ती असलेले दोन-तीन वाण मिसळून पेरा. एका झाडावर तयार झालेला बीजाणू वाऱ्यानं उडून शेजारच्या पानावर बसतो, पण तिथे त्याची किल्ली चालत नाही. आपल्या जातीचं झाड शोधायला त्याला लांब जावं लागतं आणि वाटेत बहुतेक बीजाणू वाया जातात. रोग येतो, पण रेंगाळत येतो. फवारणीचा खर्च वाचतो.

हे खरंच चालतं का, याची मोठी परीक्षा झाली ती अनपेक्षित ठिकाणी, पूर्व जर्मनीत. तिथे बुरशीनाशकं परकी चलन देऊन आणावी लागत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सरकारनं बार्लीची मिश्रणं पेरायला लावली आणि काही वर्षांत ती तीन लाख हेक्टरांवर पोचली. भुरी लक्षणीय घटली. त्या बार्लीची बिअरही होत होती. मग १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, पश्चिमेकडच्या माल्टवाल्यांना एकाच वाणाचा शुद्ध माल हवा होता, आणि मिश्रणं बघता बघता नाहीशी झाली. शेतात जिंकलेली गोष्ट बाजारात हरली. वायक्यूच्या पुढच्या प्रवासात हीच ठेच पुन्हा लागणार होती.

वुल्फ पुढे झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९९० च्या दशकात पत्नी ॲन यांच्यासह वेकलिन्सवर आले. शेत सेंद्रिय केलं, हेझल-विलोच्या रांगा लावल्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यांत धान्य घ्यायला लागले. त्या भागात मोठमोठी उघडी शेतं असतात. शेजाऱ्यांनी मनात काय म्हटलं असेल याची कल्पना करता येते.

वीस वाण, एक चिमटा

२००१ मध्ये ब्रिटनच्या डेफ्रा खात्यानं, म्हणजे तिथल्या पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार खात्यानं, एका प्रयोगाला पैसे दिले. एल्म फार्म रिसर्च सेंटर (पुढचं ऑरगॅनिक रिसर्च सेंटर) आणि नॉरिचचं जॉन इनेस सेंटर यांनी मिळून वीस वाण निवडले. नऊ भरघोस उताऱ्याचे, बारा पावाला चांगले. बेरीज एकवीस होते, कारण बेझोस्ताया हा रशियन वाण दोन्ही गटांत होता. बाकीच्यांत फ्रान्सचा रेनान, जर्मनीचा मोनोपोल, अमेरिकेचा थॅचर, ब्रिटनचे क्लेअर, हेरवर्ड, मॅरिस विजन. या शेवटच्याची काडं लांब असल्यानं इंग्लंडात घरांची छपरं शाकारायला तो आजही मुद्दाम पेरतात.

गव्हाचा संकर करणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. गव्हाचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, तुसाच्या आतच सगळं उरकतं. म्हणून फूल उमलायच्या आधी ओंबीची वरची-खालची फुलं छाटायची, उरलेल्या प्रत्येक फुलाचं तूस चिमट्यानं बाजूला करायचं आणि आतले तीन हिरवट पुंकेसर न फोडता उपटायचे. एक फुटला तरी ते फूल बाद. मग ओंबीवर कागदी पिशवी. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाची पिवळी झालेली ओंबी आणून तिचा पराग आत झटकायचा. इतकं करून एका फुलाला एकच दाणा. हे वीस वाणांच्या जोड्याजोड्यांत करायचं.

मेहनत इथपर्यंतची. पुढे पैदासकार नेहमी जे करतो ते इथे कुणी करायचंच नव्हतं. नेहमी संकराच्या पुढच्या पिढ्यांतून चांगली झाडं निवडत निवडत शेवटी एक सरळ वाण काढतात. इथे सगळ्या संकरांचं बियाणं एकत्र ओतलं, पेरलं, जे आलं ते सगळं कापलं, त्यातलंच पुन्हा पेरलं. गहू स्वपरागी असल्यानं सहा-सात पिढ्यांत प्रत्येक झाड आपापल्या परीनं स्थिर होतं, पण शेजाऱ्यासारखं होत नाही. निवड करायची ती थंडीनं, तांबेऱ्यानं, तणानं आणि त्या जमिनीनं. वाढीत मागे पडलेलं झाड चार दाणे देणार, जोमदार झाड चाळीस. पुढच्या वर्षी त्या चाळीसांचं वजन वाढलेलं.

कल्पना नवी नव्हती. कॅलिफोर्नियात १९२० च्या दशकाच्या शेवटी बार्लीच्या २८ वाणांचे ३७८ संकर एकत्र करून अशीच एक ‘लोकसंख्या’, म्हणजे नाना तऱ्हेच्या झाडांचा एकत्र वाढणारा समूह, बनवली होती, आणि १९५६ मध्ये सुनेसन या शास्त्रज्ञानं या पद्धतीला ‘उत्क्रांतीय पैदास’ असं नाव दिलं. फ्रान्समध्ये इझाबेल गोल्डरिंगर आणि त्यांचे सहकारी गव्हाच्या अशाच लोकसंख्या अनेक वर्षं सांभाळत होते. त्यांच्या अनुभवातून एक सावधगिरीही पुढे आली होती: निसर्ग निवडतो ते टिकणारं झाड, शेतकऱ्याला भरभरून देणारं नव्हे. दाटीत उंच झाडाला ऊन जास्त मिळतं, म्हणून वर्षागणिक गहू उंच होत जातो. उंच गहू पावसा-वाऱ्यात लोळतो. निसर्ग आपला पैदासकार आहे हे वाक्य भाषणात छान वाटतं, पण त्याला आपला पगार नाही.

आकडे काय म्हणाले

वायक्यू आणि तिची दोन भावंडं, म्हणजे फक्त उताऱ्याच्या वाणांची एक आणि फक्त प्रतीच्या वाणांची एक, चार ठिकाणी पेरली गेली. दोन शेतं सेंद्रिय: वेकलिन्स आणि बर्कशायरमधलं शीपड्रोव्ह. दोन रासायनिक: मेटफील्ड आणि मॉर्ली. शेजारी त्यांचे मूळ वाणही.

ज्यांना चमत्काराची अपेक्षा होती त्यांची निराशा झाली. लोकसंख्येचा उतारा मूळ वाणांच्या सरासरीहून थोडा जास्त निघाला, बस. कोणत्याही एका वर्षी कोणता ना कोणता शुद्ध वाण तिच्या पुढे असायचाच. पण तो कोणता, हे पेरणीच्या वेळी कुणाला माहीत नसायचं, आणि दर वर्षी तो बदलायचा. वायक्यू कधी पहिली येत नव्हती आणि कधी शेवटचीही नव्हती. वर्गातल्या साठ-पासष्ट टक्केवाल्या मुलासारखी.

रासायनिक शेतीला याचं फारसं कौतुक नसणार, आणि त्यात गैर नाही. ब्रिटनमध्ये गव्हाचा सरासरी उतारा हेक्टरी आठ टनांच्या आसपास आहे, म्हणजे एकरी बत्तीस क्विंटल. खत आणि फवारणी हाताशी असेल तर शेत आपण वाणाला हवं तसं करून घेतो. सेंद्रिय शेतकऱ्याचं उलट आहे. त्याचा उतारा साधारण निम्मा, नत्र हळूहळू मिळणार, तण येणार, रोग आला तर बघत बसायचं. त्याला जे वाण मिळतात ते बहुतेक रासायनिक शेतीसाठी तयार झालेले, बुटके, तणाखाली झाकले जाणारे. अशा माणसाला अव्वल नंबरापेक्षा नापास न होण्याची हमी जास्त मोलाची. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. तूर, मूग, ज्वारी एकाच रानात घेणाऱ्याचं गणित हेच असतं.

प्रयोगाचा निष्कर्ष म्हणून एवढं पुरेसं होतं. मग एखाद्या शेजारच्या सेंद्रिय शेतकऱ्यानं येऊन दोन पोती बियाणं मागितलं, तर?

द्यायला बंदी होती.

बियाणं कशाला म्हणायचं

युरोपात धान्याचं बियाणं विकण्याचे नियम १९६६ च्या एका निर्देशापासून चालत आलेत. वाण अधिकृत यादीत हवा, आणि यादीत यायला तीन कसोट्या: तो इतरांपासून वेगळा ओळखता यावा, त्याची सगळी झाडं सारखी असावीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच राहावा. वायक्यूची झाडं सारखी नाहीत आणि ती तशीच राहतही नाही. ती बदलते हाच तर तिचा गुण. म्हणजे तीनपैकी दोन विषयांत ती जन्मजात नापास. यादीत नाही म्हणून बियाणं नाही, बियाणं नाही म्हणून विक्री नाही. धान्य म्हणून विका, दळा, खा, कुणी अडवत नाही. पेरण्यासाठी विकलं की गुन्हा.

या नियमांमागे कुणाचं कारस्थान शोधायची गरज नाही. बियाण्यात फसवणूक पूर्वी सर्रास होत होती आणि पोत्यावर जे नाव आहे तेच आत आहे, हे शेतकऱ्याला कळायला सारखेपणा ही सोपी खूण होती. खरी गोम अशी, की ज्या खुणेनं फसवणूक पकडायची ती खूणच वाणाची व्याख्या होऊन बसली. आपल्या ‘भेसळ’ या शब्दाचंही तेच झालंय. दुधात पाणी ती भेसळ, आणि गव्हात दुसरा गहू तीही भेसळ.

भारतातली स्थिती इथे सांगायला हवी, कारण ती युरोपहून थोडी मोकळी आहे. आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी आपल्या शेतातलं बियाणं राखू, पेरू, देऊ-घेऊ आणि विकू शकतो. अट एकच, ब्रँड लावून विकायचं नाही. म्हणजे वायक्यूसारखा गहू घेणारा अकोल्याचा किंवा सांगोल्याचा शेतकरी शेजाऱ्याला पोतं उघडपणे विकू शकला असता. तोच गहू बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये मात्र पहिल्याच पाहणीत गेला असता.

चार वर्षांचे प्रकल्प, दर ऑक्टोबरची पेरणी

कायद्याची भिंत एका देशातल्या एका संस्थेला हलवता येण्यासारखी नव्हती. नियम ब्रसेल्सचे, म्हणजे युरोपीय संघाचे होते. इथे संयुक्त संशोधन कामाला आलं. नावांची माळ लांब आहे, सगळी लक्षात ठेवायची गरज नाही. २००४ ते २००८ या काळात डेन्मार्कच्या हाने ओस्टरगोर यांच्या पुढाकारानं सुसवार नावाचं जाळं चाललं, कमी खतपाण्यावरच्या धान्यासाठी. त्यानंतर २०१० ते २०१४ सोलिबाम, फ्रान्सच्या इन्रा संस्थेतल्या व्हेरोनिक शाब्ल यांच्याकडे समन्वय. युरोपीय देशांच्या जोडीला माली आणि इथिओपियाही. मग कोब्रा, मग डायव्हर्सिफूड, मग लाइव्हसीड. यांतल्या कोब्राची रचना मला विशेष वाटते, कारण त्यात ब्रसेल्सच्या एका तिजोरीऐवजी देशोदेशीच्या सरकारांनी सेंद्रिय संशोधनासाठी एकत्र केलेला पैसा होता, आणि त्यामुळे एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे पैदासकार एका टेबलाशी आले.

या जाळ्यानं वायक्यूला काय दिलं? मुख्य म्हणजे इतर देशांतली शेतं. कासेल विद्यापीठाच्या मारिया फिंक यांच्या गटानं या लोकसंख्या जर्मनीत नेल्या आणि २००५ पासून सेंद्रिय व रासायनिक अशा दोन्ही शेतांत वर्षानुवर्षं पेरत ठेवल्या. दहा-बारा वर्षांची अशी सलग नोंद हाताशी असली की कुणी ‘एका चांगल्या वर्षाचा योगायोग’ म्हणू शकत नाही. हंगेरीत आणखी वेगळा हिवाळा. एकाच पोत्यातून निघालेले गहू वेगवेगळ्या हवेत कसे वेगळे होत जातात हे बघायला एकाच देशातली चार शेतं पुरली नसती.

पण प्रकल्पाची एक खोड सांगितलीच पाहिजे. प्रकल्प तीन-चार वर्षांचा. निधी संपतो, नेमलेली तरुण मंडळी दुसरीकडे जातात, संकेतस्थळ बंद पडतं. बियाण्याला हे कळत नाही. त्याला दर ऑक्टोबरला जमीन हवी. डेफ्राचा पैसा आणि युरोपचा पैसा यांच्या मधल्या फटीत वायक्यू हरवली नाही, कारण एका शास्त्रज्ञाकडे स्वतःचं शेत होतं. हे भाग्य म्हणायचं. त्यावर विसंबून व्यवस्था उभी करता येत नाही.

युफ्रेटिसचं पोतं

याच सोलिबामच्या छत्राखाली दुसरी एक लोकसंख्या युरोपात आली, आणि तिची वाट वायक्यूहून नाट्यमय आहे. सीरियात अलेप्पोजवळ तेल हदया इथे इकार्डा या आंतरराष्ट्रीय संस्थेचं केंद्र होतं, कोरडवाहू भागांच्या शेतीसाठीचं. तिथे साल्वातोरे चेकारेल्ली आणि स्तेफानिया ग्रांदो शेतकऱ्यांना बरोबर घेऊन बार्लीची पैदास करायचे. निवड संशोधन केंद्रात नाही, शेतकऱ्याच्या बांधावर आणि त्याच्या मतानं. त्यांनी गव्हाच्या सुमारे २,००० संकरांचं बियाणं एकत्र करून वेगवेगळ्या देशांत वाटलं. २०१० मध्ये त्यातलं थोडं इटलीत पोचलं.

पुढे सीरियात युद्ध पेटलं आणि इकार्डाला तेल हदया सोडावं लागलं. इटलीतलं पोतं मात्र सिसिलीच्या उन्हात आणि टस्कनीच्या टेकड्यांत वेगवेगळ्या शेतकऱ्यांकडे पेरलं जात होतं. रेते सेमी रुराली ही तिथली शेतकरी-बीज संघटना नोंदी ठेवत होती. काही वर्षांत दोन्हीकडचे गहू वेगळे ओळखू येऊ लागले. सिसिलीतल्याला ‘फुरात’ हे नाव मिळालं. फुरात म्हणजे युफ्रेटिस. ज्या नदीच्या देशात परत जायची सोय उरली नव्हती, तिचं नाव घेऊन एक गहू इटलीच्या गिरणीत दळला जाऊ लागला.

ब्रसेल्सचा हंगामी परवाना

१८ मार्च २०१४ रोजी युरोपीय आयोगानं एक तात्पुरता प्रयोग मंजूर केला: गहू, बार्ली, ओट आणि मका या चार पिकांच्या लोकसंख्यांचं बियाणं विकता येईल. अटी पाहण्यासारख्या आहेत. ती कशी दिसते याऐवजी ती कशी बनवली ते लिहून द्यायचं: मूळ वाण कोणते, संकर कसे केले, कोणत्या भागात वाढवली. कोणतं पोतं कुठे गेलं याचा माग ठेवायचा. आणि त्या देशात त्या पिकाचं जेवढं बियाणं वर्षभरात तयार होतं त्याच्या ०.१ टक्क्याहून जास्त विकायचं नाही. हजार पोत्यांमागे एक पोतं. वायक्यूला इथे कागदोपत्री नाव मिळालं: ‘ओआरसी वेकलिन्स पॉप्युलेशन’. इटलीतल्या गव्हांना आणि जर्मनीतल्या लिओकार्ल्स, ब्रँडेक्स यांनाही हाच दरवाजा.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हुशारीची चाल इथे आहे. संशोधकांनी सारखेपणाची अट शिथिल करा असं म्हटलं असतं तर वाद टक्क्यांवर अडकला असता: दोनऐवजी पाच वेगळी झाडं चालतील की दहा? त्याऐवजी ओळखीची खूणच बदलली. चेहऱ्यावरून ओळख पटत नाही ना, मग जन्माचा दाखला बघा.

पावाची बाजू

पूर्व जर्मनीतली मिश्रणं पश्चिमेकडच्या माल्टवाल्यांनी नाकारली होती. वायक्यूचं काय होणार, हे बेकरीत ठरायचं होतं.

ब्रिटनमधला बहुतेक पाव १९६१ मध्ये चॉर्लीवुड इथे तयार झालेल्या पद्धतीनं होतो. वेगवान यंत्रात कणीक काही मिनिटांत मळली जाते आणि पिठापासून पावापर्यंतचा प्रवास काही तासांत उरकतो. अशा कारखान्याला रोज तेच पीठ लागतं. पाणी एक टक्का इकडेतिकडे झालं तरी साखळी अडते. यात एक गंमत दडलेली आहे. मोठी गिरणी हा सारखेपणा आणते कशानं? वेगवेगळ्या शेतांतले, वाणांचे, कधी देशांचेही गहू एकत्र दळून. शेतात एकही वेगळं झाड चालत नाही आणि गिरणीत मिसळल्याशिवाय पीठ होत नाही. वायक्यूमध्ये ते मिसळणं पेरणीलाच उरकलेलं असतं, फरक इतकाच की त्याची सूत्रं गिरणीवाल्याच्या हातात नसतात.

म्हणून तिला गिऱ्हाईक मिळालं ते छोट्या बेकऱ्यांत. नॉटिंगहॅमच्या स्मॉल फूड बेकरीनं ती उचलून धरली आणि तिथेच शेतकरी, गिरणीवाले, बेकर, शास्त्रज्ञ यांच्या ग्रेन लॅब नावाच्या बैठका सुरू झाल्या. सफोकमधल्याच हॉडमेडॉड्स या कंपनीनं, जे २०१२ मध्ये ब्रिटिश बाकला विकायला निघाले होते, वायक्यूचं पीठ पिशवीतून विकायला सुरुवात केली. जात्याच्या पिठाचा पाव करणाऱ्याला तसंही प्रत्येक नव्या पोत्याबरोबर हात बसवावा लागतो: पाणी थोडं कमी, आंबवण थोडं लांब. नवा गहू घरात आला की पहिल्या दिवशी पोळ्या जरा बिघडतात आणि दुसऱ्या दिवशी हाताला कणकेचा अंदाज येतो, तसंच ते. कारखान्यात असा हात नसतो.

यामुळे वायक्यूचा पाव महाग पडतो हे लपवण्यात अर्थ नाही. उतारा सेंद्रिय, गिरणी छोटी, बेकर कुशल, गिऱ्हाईक शहरातलं आणि खिशात पैसे असलेलं. निरोगी अन्न सगळ्यांपर्यंत नेण्याच्या गप्पा याच प्रकल्पांच्या प्रस्तावांत असतात. या बाबतीत हे प्रकरण अजून कच्चं आहे. एका बेकरीनं हजार कुटुंबांना पाव दिला तरी चौकातलं सुपरमार्केट जिथल्या तिथे राहतं.

व्याख्या

३० मे २०१८ रोजी युरोपीय संघानं सेंद्रिय शेतीचा नवा कायदा केला, क्रमांक २०१८/८४८. त्यात ‘सेंद्रिय विषम सामग्री’ असा एक प्रकार आला. नाव सरकारी आहे, काय करणार. व्याख्या मात्र बारकाईनं वाचावी. ही सामग्री एकाच प्रजातीची असेल. तिच्या झाडाझाडांत मोठी जनुकीय आणि दिसण्यातली विविधता असेल, इतकी की थोडी झाडं उचलून ‘ही बघा ती’ असं म्हणता येणार नाही, अख्खा समूहच तिचा प्रतिनिधी. आणि ती वाण नसेल, वाणांचं मिश्रणही नसेल. ज्या गुणासाठी वायक्यू नापास होत होती तो गुण इथे पात्रतेची अट झाला. बियाणं विकण्याआधी सरकारला माहिती कळवायची. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर मंजूर समजायचं. सरकारच्या गप्प बसण्याचा शेतकऱ्याला फायदा मिळावा अशी तरतूद मी तरी फार ठिकाणी पाहिलेली नाही.

एक गाठ राहिली. ही सामग्री वाण नाही म्हणून तिच्यावर पैदासकाराचा हक्क मिळत नाही, हक्क नाही म्हणून स्वामित्वशुल्क नाही. तत्त्वाला हे धरून आहे, पण पुढच्या वीस वाणांचे संकर कोण करणार आणि त्या चिमटेवाल्याचा पगार कोण देणार? खाजगी कंपनीला यात पडायचं कारण नाही. म्हणजे पुन्हा सरकारी पैसा, पुन्हा चार वर्षांचे प्रकल्प.

कायदा लागू व्हायचा होता जानेवारी २०२१ मध्ये. तो एक वर्ष पुढे ढकलला गेला आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. मार्टिन वुल्फ मार्च २०१९ मध्ये गेले. आणि कायदा होणं आणि अमलात येणं यांच्या मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला होता, त्यामुळे सफोकला हा कायदा लागूच झाला नाही. कासेलच्या शेतात मात्र तो लागू आहे. तिथली लोकसंख्या त्याच वीस वाणांची, त्याच चिमट्याखालून गेलेली. एका पोत्यातला अर्धा गहू नव्या व्याख्येच्या आत आला, आणि जिथून ते पोतं निघालं ते शेत बाहेर राहिलं.